कमी खर्चात योग्य टायर: रोजच्या वापराच्या कारसाठी निवड आणि निगा

नवे टायर घेण्याची वेळ आली की पहिले काम दुकानात नव्हे, गाडीपाशी करायचे असते. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले की दाराच्या खांबावर किंवा दाराच्या कडेवर एक छोटा तक्ता चिकटवलेला दिसतो. काही गाड्यांत तो इंधनाच्या टाकीच्या झाकणामागे असतो. गाडीला कोणत्या आकाराचे टायर हवेत आणि पुढच्या व मागच्या चाकांत हवा किती ठेवायची, हे त्यावर छापलेले असते. त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर याच तक्त्याकडे परत यावे लागणार आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. स्वस्त टायर वाईटच असतो हे खरे नाही. शहरात, मध्यम वेगाने, घर ते कार्यालय एवढीच गाडी चालवणाऱ्याने सर्वांत महागडा टायर घेण्याचे कारण नाही. टायरचा आवाज, बसण्यातला मऊपणा, अतिवेगात वळण घेण्याची क्षमता या गोष्टींत काटकसर करता येते. ओल्या रस्त्यावरची पकड, टायरचा ताजेपणा आणि गाडीला लागू होणारा आकार या तीन बाबतींत मात्र काटकसर करू नये. पुढे जे काही लिहिले आहे ते याच भेदावर आधारलेले आहे.

पहिली पायरी: जुना टायर नीट वाचा

टायरच्या ज्या भागावर नक्षी असते त्याला ट्रेड म्हणतात. त्यातल्या मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजत झिजत या उंचवट्यांच्या पातळीला आली, म्हणजे खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरली, असे समजावे. अनेक देशांत हीच कायद्याची किमान मर्यादा आहे. नव्या टायरमध्ये ही खोली साधारण सात ते आठ मिलिमीटर असते. खाचांचे मुख्य काम पाणी बाहेर फेकण्याचे असल्यामुळे त्या उथळ झाल्या की पावसात टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निकामी झाल्यासारखे होतात. म्हणून खोली ३ मिलिमीटरच्या आसपास आली की खरेदीची तयारी सुरू करावी आणि उंचवटे टेकेपर्यंत वाट पाहू नये, असे माझे मत आहे.

खोली एकाच जागी मोजून भागत नाही. खोली मोजण्याचे छोटे साधन स्वस्तात मिळते. त्याने आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी माप घ्यावे. ही मापे जुन्या टायरचा इतिहास सांगतात. मधला पट्टा जास्त झिजला असेल, तर बराच काळ गरजेपेक्षा जास्त हवा भरलेली होती. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्यभाग शाबूत राहिला, तर हवा कमी होती. एकच कड झिजली असेल, तर चाकांची अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. नक्षीवरून तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागते आणि उलट दिशेने फिरवला तर करवतीसारखे टोचते, अशी झीज चाके किंचित आत किंवा बाहेर वळलेली असल्याने होते. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा चाकांचे बॅलन्सिंग (वजनाचा समतोल) तपासून घ्यावे.

हे वाचन टाळणारा माणूस नवा टायर त्याच बिघडलेल्या गाडीवर चढवतो आणि तोही तसाच, तितक्याच लवकर झिजतो. माझ्या पहिल्या गाडीच्या बाबतीत हेच झाले होते. नवे टायर वर्षभरात आतल्या कडेला घासून गेले, मी दोष टायरला देत राहिलो, आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी वर उचलून पाहिल्यावर सस्पेन्शनचा एक सैल झालेला भाग सापडला. त्या भागाची किंमत एका टायरपेक्षाही कमी होती.

झीज नसली तरी टायर बदलावा लागतो अशी आणखी दोन कारणे आहेत. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागावर, फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत असे समजावे. हा फुगा दुरुस्त होत नाही. असा टायर काढून टाकण्याला पर्याय नाही. दुसरे कारण वय. रबर ऊन, उष्णता आणि ओझोन यांमुळे कडक होत जाते आणि त्यात बारीक भेगा पडतात, मग गाडी फारशी फिरलेली नसली तरीही. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते वापरू नयेत.

दुसरी पायरी: बाजूवरचे आकडे

समजा टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. इथे १८५ चे ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडिअल बांधणी (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे) आणि १५ हा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचांत. ८८ हा भारांक आहे. त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो भार पेलू शकतो. एच ही वेगमर्यादेची खूण असून ती ताशी २१० किलोमीटर दर्शवते. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०.

रोजच्या वापरात ताशी २१० चा वेग कोणी गाठत नाही, मग कमी खुणेचा टायर का घेऊ नये, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो आणि तो रास्त आहे. पण वेगाची खूण ही टायरची उष्णता सहन करण्याची आणि ताठपणाची क्षमताही सूचित करते. गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या खुणेखाली आणि भारांकाखाली जाऊ नये. त्याहून वरचा टायर चालतो, पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचीही गरज नसते.

आकार बदलण्याचा मोह मात्र आवरावा. रुंद टायर गाडीला शोभून दिसतो, पण तो जड असतो, इंधन जास्त खातो, पाण्यावर तरंगण्याची त्याची प्रवृत्ती अधिक असते आणि बहुतेक वेळा तो महागही पडतो. मूळ आकार मिळतच नसेल, तर पर्यायी टायरचा एकूण व्यास मूळ व्यासाच्या अगदी जवळ आहे ना, हे हिशेब करून पाहावे. वरच्या उदाहरणात १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवली की व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो. १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ मिलिमीटर आहे, म्हणजे फरक एक टक्क्याच्या आसपास. हा फरक दोन-तीन टक्क्यांपलीकडे गेला तर वेगदर्शक काटा चुकीचा वेग दाखवतो आणि टायर चाकाच्या कमानीला घासण्याचा धोकाही असतो. व्यास जुळला तरी नवा टायर आपल्या रिमच्या रुंदीवर बसतो की नाही, हे दुकानदाराकडून खात्रीने समजून घ्यावे.

तिसरी पायरी: स्वस्तातला कोणता निवडायचा

किंमत पाहण्याआधी उत्पादनाची तारीख पाहावी. साइडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा एक लांब क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ असे असेल, तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनला आहे. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे दिसले नाहीत तर टायर उलटा करून पाहावा. मोठ्या सवलतीत मिळणारा टायर कित्येकदा गोदामात वर्षे काढलेला असतो. सावलीत नीट ठेवलेला वर्षभरापूर्वीचा टायर घ्यायला हरकत नाही, पण तीन-चार वर्षे जुना टायर नवा म्हणून पूर्ण किमतीला घेणे म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग फुकट घालवणे आहे. चारही टायरची तारीख पाहावी आणि ती रिमवर चढवण्याआधीच पाहावी.

यानंतर पकड. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर एक लेबल असते; त्यावर इंधनबचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई अशी श्रेणी दिलेली असते आणि आवाज डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. हे लेबल २०१२ मध्ये आले आणि मे २०२१ पासून त्याचे सध्याचे रूप लागू झाले. अमेरिकन पद्धतीची श्रेणी टायरवरच कोरलेली असते: झिजेसाठी ट्रेडवेअरचा आकडा, ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत थांबण्यासाठी ट्रॅक्शनची एए, ए, बी किंवा सी अशी श्रेणी, आणि उष्णतेसाठी टेम्परेचरची ए ते सी अशी श्रेणी. यांपैकी जी माहिती आपल्यासमोरच्या टायरवर मिळेल ती वापरावी. मी दोन टायरमध्ये निवड करताना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी आधी पाहतो आणि झिजेचा आकडा नंतर. कडक रबराचा टायर खूप वर्षे टिकतो, पण तेच कडक रबर ओल्या डांबरावर उशिरा थांबते. टिकाऊपणा आणि पकड यांतली ही ओढाताण कमी करण्यासाठी चांगल्या टायरच्या रबरात सिलिका नावाची बारीक भुकटी मिसळतात, आणि अगदी तळाच्या किमतीच्या टायरमध्ये बहुधा याच ठिकाणी हात आखडता घेतलेला असतो.

ट्रेडवेअरच्या आकड्याबद्दल थोडी सावधगिरी हवी. १०० हा संदर्भ टायर मानून हा आकडा ठरवतात, म्हणजे ४०० लिहिलेला टायर नियंत्रित चाचणीत त्याच्या चौपट टिकायला हवा. पण चाचणी कंपनी स्वतः करते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना या आकड्याने करावी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावर फार विसंबून करू नये.

आता किंमत. किंमत प्रति टायर न पाहता प्रति किलोमीटर पाहिली तर चित्र बदलते. महाग टायरची किंमत १०० मानू आणि तो ५०,००० किलोमीटर चालतो असे धरू. स्वस्त टायर ७५ ला मिळतो, पण ३०,००० किलोमीटरमध्ये संपतो. म्हणजे दर हजार किलोमीटरला महाग टायर २ खर्च करायला लावतो आणि स्वस्त टायर अडीच. तोच स्वस्त टायर ४०,००० किलोमीटर चालला तर मात्र तो खरोखर स्वस्त ठरतो. बसवणी आणि बॅलन्सिंगचा खर्चही दर वेळी नव्याने करावा लागतो, तोही या हिशेबात धरावा. याउलट ज्याची गाडी वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर चालते, त्याचा टायर झिजण्याआधी वयानेच बाद होणार असतो; त्याने ५०,००० किलोमीटरच्या टिकाऊपणासाठी जादा पैसे देऊ नयेत, ते चांगल्या पकडीसाठी द्यावेत.

वापरलेले टायर घेण्याचा सल्ला मी देत नाही. नक्षी दिसते, पण तो टायर हवा कमी असताना किती पळवला गेला, खड्ड्यात किती जोरात आपटला, आत कशी दुरुस्ती झाली आहे, हे बाहेरून कळत नाही. पैसे कमी असतील तर साध्या प्रतीचा पण नवा टायर घ्यावा.

चौथी पायरी: बसवताना उभे राहून पाहा

चारही टायर एकदम बदलणे उत्तम, पण तेवढी ऐपत नेहमी नसते. दोनच घ्यायचे असतील तर ते एकाच अक्षावर, एकाच आकाराचे आणि एकाच नक्षीचे असावेत. हे दोन नवे टायर मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाणारी असली तरीही. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. ओल्या वळणावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर ती बहुधा सावरते. मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडीची शेपटी फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

नवा टायर चढवताना रबरी व्हॉल्व्हही नवा घालून घ्यावा, कारण जुना व्हॉल्व्ह टायरइतकाच म्हातारा झालेला असतो. नक्षीला दिशा असेल तर साइडवॉलवर बाण असतो. चाक पुढे फिरताना तो बाण त्याच दिशेने जायला हवा. आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असलेल्या टायरवर ‘आउटसाइड’ असे लिहिलेले असते. ती अक्षरे बाहेरून दिसली पाहिजेत. प्रत्येक चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे. ते नसेल तर वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरते. जुन्या टायरची झीज एकसारखी नव्हती किंवा गाडी एका बाजूला ओढली जात होती, तर अलाइनमेंटही त्याच वेळी करावी.

नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या मापाइतकेच आवळता येणाऱ्या पान्याने, द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत. कोऱ्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा अंश असतो, त्यामुळे पहिले काही शे किलोमीटर जोराचा ब्रेक आणि वेगवान वळणे टाळावीत.

पाचवी पायरी: हवा

टायरच्या निगेतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच आहे. निरोगी टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा आपोआप कमी होते आणि तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने उतरले की आणखी सुमारे एक पीएसआय कमी होते. म्हणजे उन्हाळ्यात भरलेली हवा थंडीपर्यंत तपासली नाही, तर टायर नजरेला ठीक दिसत असतानाही बराच मऊ पडलेला असतो. रेडिअल टायरची साइडवॉल तशीही थोडी फुगीर दिसते, त्यामुळे डोळ्यांनी किंवा लाथ मारून अंदाज घेण्यात अर्थ नाही.

हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता निर्माण होते, इंधन जास्त जळते आणि भरलेल्या गाडीने वेगात लांबचा प्रवास करताना टायर फुटण्याचा धोका वाढतो. हवा जास्त असली की टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, पकड घटते आणि खड्ड्याचा आघात सहन करण्याची त्याची क्षमता कमी होते. साध्या प्रतीच्या टायरला या दोन्ही चुका लवकर भोवतात.

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी हवा तपासावी. ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा दोनएक किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना तपासावी. स्वतःजवळ एक चांगला प्रेशर गेज ठेवावा, म्हणजे पंपावरचा काटा कितपत बरोबर आहे हेही समजते. एकके वेगवेगळी दिसली तर गोंधळू नये: १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, आणि ३२ पीएसआय म्हणजे सुमारे २.२ बार किंवा २२० किलोपास्कल.

दाब दाराच्या तक्त्यावरचा घ्यावा. साइडवॉलवर लिहिलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तो आपल्या गाडीसाठी सुचवलेला दाब नाही. तक्त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक मोजक्या माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. प्रवासाला निघताना दुसरा वापरावा. बराच वेळ चाललेल्या टायरचा दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये, कारण टायर थंड झाल्यावर तीच हवा कमी पडते.

नायट्रोजनविषयी नेहमी विचारले जाते. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनने दाब थोडा सावकाश उतरतो, पण रोजच्या वापरात त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत एवढा फरक पडत नाही. ज्या गाडीत दाबाची सूचना देणारा दिवा आहे तिथेही महिन्याची तपासणी चुकवू नये, कारण तो दिवा अनेकदा दाब पाव हिश्श्याने उतरल्यावरच लागतो. शेवटी व्हॉल्व्हचे टोपण विसरू नये. धूळ आणि पाणी आत जाऊ न देण्याचे काम तेच करते.

सहावी पायरी: फेरपालट, पंक्चर आणि स्टेपनी

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओढणे, वळणे आणि ब्रेकचा मोठा भार हे सगळे पुढच्या टायरवरच येते, म्हणून ते लवकर झिजतात. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायरची फेरपालट करावी. अशा गाडीत पुढचे दोन्ही टायर सरळ मागे जातात आणि मागचे दोन्ही बाजू बदलून पुढे येतात. नक्षीला दिशा असेल तर बाजू बदलता येत नाही. त्याच बाजूला पुढे-मागे करावे. पुढे आणि मागे वेगळा दाब सांगितलेला असेल, तर फेरपालटीनंतर तो नव्या जागेप्रमाणे करून घ्यावा. त्याच वेळी प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूवरून नजर फिरवावी, कारण चाक गाडीवर असताना ती बाजू दिसत नाही आणि भेगा किंवा काप नेमके तिथेच लपतात.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला की हवा बहुधा हळूहळू उतरते. खिळा लगेच उपटू नये. हवा भरून जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत सावकाश जावे. छिद्र नक्षीच्या मधल्या भागात आणि साधारण ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर दुरुस्ती होते. खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि साइडवॉल जिथे मिळतात तिथे, किंवा साइडवॉलवर पडलेल्या छिद्राची दुरुस्ती करून घेऊ नये. बाहेरून पट्टी खुपसून तात्पुरते काम भागते, पण टायर उतरवून आतून पाहणे आणि आतून मशरूम पॅच (छिद्रात दांडा बसणारे छत्रीसारखे ठिगळ) लावणे ही पक्की पद्धत आहे. हवा गेलेल्या टायरवर थोडे अंतर जरी गाडी चालली असेल, तरी आतून पाहणे आवश्यकच आहे. आत रबराचा काळा चुरा सापडला तर साइडवॉल आतून भरडली गेली आहे आणि त्या टायरवर विश्वास ठेवू नये.

टायर धुवायला साबण आणि पाणी पुरेसे आहे. चकाकीसाठी लावले जाणारे पेट्रोलियमयुक्त पॉलिश रबराला अपाय करते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर अधूनमधून थोडी हलवावी, नाहीतर टेकलेला भाग चपटा होतो.

स्टेपनीची हवाही दर महिन्याच्या तपासणीतच पाहावी. ती अरुंद, तात्पुरत्या वापराची असेल तर तिचा दाब बराच जास्त, बहुधा ६० पीएसआय, असतो आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. दोन्ही आकडे तिच्या बाजूवरच वाचून घ्यावेत. पूर्ण आकाराची स्टेपनी कधीही वापरली नसली तरी तिची तारीख पाहावी. डिकीत दहा वर्षे पडून राहिलेला टायर नक्षीने कोरा दिसतो. तो फार तर जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यापुरता वापरावा आणि चौघांतला एक म्हणून गाडीला कायमचा लावू नये.